चीनची उधारी, मोंबासाची रेल्वे आणि भोसरीतून दिसणारी आफ्रिका

"चीनने आख्खी आफ्रिका विकत घेतली" हे वाक्य फॅमिली ग्रुपवर, कँटीनमध्ये, कुठेही कानावर येतं आणि दरवेळी माझं डोकं फिरतं, कारण कुठला देश, कुठलं कर्ज, कशासाठी घेतलेलं असं विचारलं की पुढे कोणालाच काही सांगता येत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत. अंगोलाची गोष्ट वेगळी, केनियाची वेगळी, झांबियाची तर फारच वेगळी. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत एक्स्पोर्टचं काम बघते, टू-व्हीलरचे स्पेअर पार्ट, म्हणजे चेन-स्प्रॉकेट किट, क्लच प्लेट, ब्रेक शू असला माल, आणि आमचं निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आफ्रिकेत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी रोजच्या पोटापाण्याचा आहे आणि त्यावर नीट लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी थोडं धंद्याचं सांगते. युगांडा-केनियात मोटारसायकलवरच्या टॅक्सीला बोडा-बोडा म्हणतात, नायजेरियात ओकाडा, आणि या गाड्यांमध्ये बजाजची बॉक्सर म्हणजे तिकडे घराघरातलं नाव, कंपनी आपल्या आकुर्डीची. बोडावाला दिवसभर गाडी हाणतो, एका गाडीवर तीन माणसं आणि वर केळ्यांचा घड, त्यामुळे चेन आणि स्प्रॉकेट भराभर झिजतात आणि तिथेच आमचा धंदा. आता या मार्केटमध्ये चिनी माल आहे आणि भरपूर आहे. मध्यंतरी कंपालाच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, काउंटरवर दोन किट शेजारी शेजारी ठेवलेले, एक आमचा आणि एक चिनी, आणि मधे माप घ्यायचं व्हर्नियर. चिनी स्प्रॉकेटचा दात जरा बारीक, हार्डनिंगचा निळसर पट्टा कुठे आहे कुठे नाही, हे फोटोतसुद्धा कळत होतं. मला वाटलं आता क्वालिटीचं कौतुक येणार. त्यांनी लिहिलं, सिस्टर, तुमचा माल जास्त चालतो हे मला माहितीये, माझ्या मेकॅनिकलाही माहितीये, पण तो माणूस मला माल आधी देतो आणि पैसे नव्वद दिवसांनी मागतो, तुम्ही ऑर्डरबरोबर तीस टक्के ॲडव्हान्स मागता आणि बाकीचे बीएलची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, कॉपी दाखवली की लगेच.

सगळं इथेच आहे. तो चिनी सप्लायर काही दानशूर नाही. त्याच्या मागे सायनोशुअर नावाची सरकारी विमा कंपनी उभी असते, २००१ मध्ये काढलेली, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर बराचसा भार ती उचलते, त्यामुळे त्याची बँकही त्याला निवांत पैसा देते. आपल्याकडे निर्यातीचा असाच विमा देणारी सरकारी ईसीजीसी आहे, १९५७ पासून आहे, म्हणजे कल्पना आपल्याला आधी सुचली होती, पण आमच्यासारख्या पन्नास-साठ माणसांच्या युनिटला युगांडातल्या एका दुकानदारासाठी लिमिट मंजूर करून घ्यायचं म्हणजे कागदांचा ढीग, आणि बँकेतला साहेब आफ्रिका म्हटलं की आधी भुवया वर करतो. न्हावा शेवाहून मोंबासा चीनच्या कुठल्याही बंदरापेक्षा कितीतरी जवळ आहे, तरी आम्ही मागे पडतो ते या उधारीपायी.

आणि मोंबासाला आमचा कंटेनर उतरला की तो पुढे जातो कसा? बऱ्याचदा चीनने बांधलेल्या रेल्वेनेच. मोंबासा ते नैरोबी ही स्टँडर्ड गेज रेल्वे, तिकडे सगळे एसजीआरच म्हणतात, मे २०१७ च्या शेवटी सुरू झाली, पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि नव्वद टक्के पैसा चीनच्या सरकारी एक्झिम बँकेचं कर्ज. त्याच मार्गावर आधी इंग्रजांची मीटर गेज होती, १८९६ ते १९०१ मध्ये बांधलेली, आणि ती बांधायला इथून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते, त्यातले अडीच हजार तिथेच मेले. हे आपल्या शाळेत कोणी शिकवलं नाही, मला कामाला लागल्यावर कळलं.

एसजीआरचा अनुभव मात्र गोडकडू आहे. प्रवाशांना आवडली, गाड्या भरून जातात. मालाचं गणित जमेना. कर्ज फेडायचं तर मालवाहतूक हवी, आणि केनियाच्या पोर्ट अथॉरिटीने ठरावीक माल रेल्वेला देण्याची हमीच करारात लिहून दिलेली होती, मग सरकारने फर्मान काढलं की आयातीचे कंटेनर ट्रकने न नेता रेल्वेनेच न्यायचे. मोंबासाचे ट्रकवाले, गोडाऊनवाले, क्लिअरिंग एजंट सगळे रस्त्यावर आले, कारण त्यांचं काम उठून नैरोबीला गेलं, आणि व्यापाऱ्यांना ट्रकपेक्षा रेल्वे महाग पडायला लागली. २०२२ मध्ये रुटो राष्ट्राध्यक्ष झाल्या झाल्या त्यांनी ते फर्मान मागे घेतलं, आणि वर्षानुवर्षं गुप्त ठेवलेल्या त्या कर्जकराराचे काही भाग त्यांच्या सरकारने लोकांसमोर ठेवले. २०२५ मध्ये केनियाने हीच डॉलरमधली कर्जं युआनमध्ये बदलून घेतली, व्याज कमी पडावं म्हणून. म्हणजे बघा, कर्ज घेतलं, पस्तावले, भांडले, अटी बदलून घेतल्या. विकत घेतलेला देश असा वागतो का?

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एन्टेबे विमानतळाच्या फॉरवर्डचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्याकडे ग्रुपाग्रुपात फिरलं की युगांडाने कर्ज बुडवलं आणि चीनने एअरपोर्ट जप्त केला. मी त्या दिवशी घाबरून कंपालाला फोन केला होता, आमचा एक एअर कार्गोचा माल वाटेत होता. ते म्हणाले विमानतळ जिथल्या तिथे आहे, माल सोडवून घेतलाय. मूळ कर्ज २०१५ चं, साधारण २० कोटी डॉलरचं, एअरपोर्ट वाढवायला घेतलेलं. दोन्ही सरकारांनी जप्तीची बातमी खोटी म्हणून सांगितलं, आणि पुढे अमेरिकेतल्या एडडेटा या संशोधन संस्थेने तो करारच मिळवून छापला. त्यात धावपट्टी गहाण वगैरे काही नव्हतं. पण जे होतं तेही कमी नव्हतं, विमानतळाची सगळी कमाई आधी कर्जफेडीकडे वळवायची, एका वेगळ्या खात्यात पैसे कायम ठेवायचे, आणि हे कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे वीस वर्षं. विमानतळ कोणी उचलून नेत नाही हो, पण स्वतःच्या विमानतळाच्या गल्ल्यात हात घालायला दुसऱ्याला विचारावं लागतं ही खरी गोष्ट आहे, आणि लोकांनी चिडायचं असेल तर त्यावर चिडावं, अफवेवर नाही.

आकडे बघायचे तर बोस्टन युनिव्हर्सिटीवाले याची नोंद ठेवतात, त्यांच्या हिशोबाने २००० ते २०२३ मध्ये चिनी बँकांनी आफ्रिकेतल्या सरकारांना १८२ अब्ज डॉलरची कर्जं दिली, त्यात सगळ्यात मोठा घेणारा अंगोला, तेलाच्या तारणावर. २०१६ मध्ये हे शिगेला पोचलं आणि मग चीननेच हात आखडता घेतला, २०२३ मध्ये जेमतेम साडेचार अब्जांवर आलं. आणि आफ्रिकेच्या एकूण परदेशी कर्जात चीनचा वाटा साधारण १२ टक्के, त्याच्या तिपटीच्या आसपास पैसा पाश्चात्त्य खासगी सावकारांचा, बाँडवाले, बँका, तेलाचे व्यापारी. त्यांच्यावर कोणी फॉरवर्ड करत नाही.

झांबियाचं बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी बाँडचा हप्ता चुकवला, कोविडच्या काळात असं करणारा आफ्रिकेतला पहिला देश. बाँडवाल्यांकडे त्यांनी सवलत मागितली होती, ते म्हणाले चीनला तुम्ही काय देताय ते आधी दाखवा, आणि चिनी करारात गुप्ततेची अट, त्यामुळे झांबिया दोघांच्या मधे अडकला. अडीच वर्षांहून जास्त काळ गेला तेव्हा जून २०२३ मध्ये सरकारी सावकारांबरोबर तोडगा निघाला, ६.३ अब्ज डॉलरचा, त्यातले ४ अब्जांहून जास्त एकट्या चीनच्या एक्झिम बँकेचे. या काळात दवाखान्यांत औषधं कमी पडली, क्वाचा हे त्यांचं चलन घसरलेलं, आमच्या लुसाकाच्या गिऱ्हाइकाने त्या काळात एक ऑर्डर दिली नाही. म्हणून मला वाटतं, व्याजदरापेक्षा जास्त नुकसान त्या गुप्ततेने केलं.

पण याच झांबियात म्हातारी माणसं चीनबद्दल वेगळ्याच आवाजात बोलतात आणि त्याचं कारण ताझारा, टांझानिया ते झांबिया हा रेल्वेमार्ग. १९६५ मध्ये शेजारच्या ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांनी स्वतःचं राज्य जाहीर केलं आणि झांबियाचं तांबं समुद्रापर्यंत न्यायची वाट अवघड झाली. झांबियाचे राष्ट्राध्यक्ष कौंडा आणि टांझानियाचे न्येरेरे पाश्चात्त्य देशांकडे, वर्ल्ड बँकेकडे रेल्वे मागत फिरले, सगळे म्हणाले परवडणार नाही. चीन तेव्हा स्वतः दरिद्री देश, सांस्कृतिक क्रांतीचा गोंधळ चाललेला, तरी त्याने बिनव्याजी ९८ कोटी ८० लाख युआन दिले, एकूण पन्नास हजारांच्या आसपास माणसं पाठवली आणि १९७० ते ७५ मध्ये दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी १,८६० किलोमीटर रुळ टाकले, डोंगर, दलदल, जंगल सगळ्यातून. साठच्या वर चिनी त्या कामावर मेले, त्यांची दफनभूमी दार-एस-सलामजवळ आहे. आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये युनोत चीनची खुर्ची तैवानऐवजी बीजिंगला द्यायचा ठराव ७६ मतांनी पास झाला त्यातली २६ मतं आफ्रिकेची होती. आजही ५४ पैकी फक्त एस्वातिनी तैवानला मानतो, बाकी ५३ बीजिंगच्या बाजूला. गंमत म्हणजे तो ताझारा पुढे डबघाईला आला, आणि आता चिनी कंपनी त्यात १.४ अब्ज डॉलर घालून तीस वर्षांसाठी चालवायला घेतेय, कारण पलीकडे अंगोलाच्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमागे अमेरिका उभी राहिली. दोन्हीकडचे रुळ त्याच तांब्या-कोबाल्टसाठी.

कोणी संकटात धावून आलं की ते किती पिढ्या लक्षात राहतं हे आपल्याला कळायला हवं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच गेले, आणि चीनमध्ये अजून त्यांचा पुतळा आहे, भारताशी सीमेवर वाद पेटला तरी पुतळा आहे. चीनने पुढे स्वतः हेच केलं, १९६३ मध्ये अल्जेरियात पहिलं वैद्यकीय पथक पाठवलं, आणि तेव्हापासून आफ्रिकेत ही पथकं जातच आहेत.

यातलं मला खुपणारं आता लिहिते, नाहीतर मी चीनची वकिली करतेय असं वाटेल. १८ फेब्रुवारी २०२५ ला झांबियाच्या चांबिशीजवळ एका चिनी मालकीच्या तांब्याच्या कारखान्याचा गाळाचा बांध फुटला आणि आम्लाचं पाणी काफुए नदीत गेलं. मासे मेले, काठची पिकं जळाली, आणि किटवे हे सात लाख वस्तीचं शहर, त्याचं नळाचं पाणी बंद करावं लागलं. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर झांबियाच्या दोन मुली भाड्याने राहतात, कॉलेजात शिकतात, त्यातल्या एकीचं घर किटवेचं. ती लिफ्टमध्ये भेटली तेव्हा फोनवर आईला ओरडून सांगत होती की बोअरचंही पिऊ नकोस. पवना, मुळा-मुठेचं आपण काय करून ठेवलंय ते बघणाऱ्या माणसाला यात चिनी-भारतीय करायची गरजच नाही, नदीकाठच्या बाईला कारखान्याचा मालक कुठला याने काही फरक पडत नाही.

दुसरं खुपणारं काँगोचं. जगातलं सत्तर टक्क्यांहून जास्त कोबाल्ट काँगोतून निघतं, मोठ्या खाणींपैकी बऱ्याच चिनी कंपन्यांकडे, तेंके फुंगुरुमे तर २०१६ मध्ये अमेरिकन कंपनीने स्वतःहून चिन्यांना विकली, २.६५ अब्ज डॉलरला. दगड काँगोचा, शुद्ध होतो चीनमध्ये, बॅटरी बनते चीनमध्ये, आणि काँगोला मिळतो दगडाचा भाव. ज्वारी शेतकऱ्याची आणि भाकरीचे पैसे हॉटेलवाल्याला, तसं. २००८ मध्ये खाणींच्या बदल्यात रस्ते-दवाखाने असा मोठा करार झाला, सिकोमाइन्स नावाचा, त्यातले रस्ते फार थोडे झाले आणि तांबं मात्र निघत राहिलं. मग २०२४ मध्ये काँगोने भांडून रस्त्यांची रक्कम ३ अब्जांवरून ७ अब्ज डॉलरपर्यंत वाढवून घेतली. २०२५ च्या फेब्रुवारीत कोबाल्टची निर्यातच थांबवली, भाव पडले होते म्हणून, आणि पुढे कोटा लावला. झिंबाब्वेने डिसेंबर २०२२ मध्येच कच्च्या लिथियमच्या निर्यातीवर बंदी आणली, इथेच प्रोसेस करा म्हणाले, आणि चिनी कंपन्यांना तिथे प्लांट टाकावे लागले. मला आफ्रिकेच्या बातम्यांत सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. कर्ज किती यापेक्षा तिथल्या पोराला तिथे काय काम मिळालं, कुठली मशीन त्याच्या हाताखाली आली हे बघायला पाहिजे. पुण्याच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर रोज वाढतायत, बसही इलेक्ट्रिक झाल्या, कुठल्या बॅटरीत कुठला धातू आणि तो कुठून आला हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

चीन याला उत्तर म्हणून म्हणतो की आम्ही ड्यूटी काढून टाकली, मैत्री असलेल्या ५३ देशांचा माल शून्य टॅरिफने घेऊ, जून २०२५ मध्ये तसं जाहीर केलं. चांगलं आहे, केनियाचे ताजे ॲव्होकॅडो २०२२ पासून चीनला जायला लागले. पण २०२४ मध्ये दोघांचा व्यापार २९५ अब्ज डॉलरचा, त्यात चीनने विकलं १७९ च्या आसपास आणि घेतलं ११७, आणि घेतलेल्यात बहुतेक तेल, तांबं, खनिजं. ॲव्होकॅडोने हा खड्डा भरणार नाही, कारखाने लागतील.

आता आपलं. चीन तीन वर्षांनी एकदा आफ्रिकेतल्या मित्रदेशांना एकत्र बसवतो, २००० पासून, एकदाही विसरला नाही, कोविडमध्येसुद्धा सेनेगलच्या डाकारला बैठक झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये बीजिंगला ३६० अब्ज युआन जाहीर केले. त्यांचा परराष्ट्रमंत्री १९९१ पासून दर जानेवारीत वर्षाचा पहिला दौरा आफ्रिकेचा करतो, न चुकता. भारताने २००८, २०११ आणि २०१५ ला अशीच परिषद भरवली, २०१५ ला दिल्लीत एकेचाळीस राष्ट्रप्रमुख आले होते, आणि मग दहा वर्षं काही नाही. मधे २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-ट्वेंटीत आफ्रिकन युनियनला कायमचं सदस्यत्व मिळालं ते आपल्या पुढाकाराने, त्याचं मला मनापासून कौतुक आहे, पण एक दिवसाचा मान आणि दरवर्षीची हजेरी यात फरक पडतोच.

आणि असं नाही की आपल्याकडे द्यायला काही नाही. मांजरी-हडपसरच्या सीरमने बनवलेली मेनिंजायटिसची लस, पन्नास सेंटपेक्षा कमी किमतीची, डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली, आणि तीस कोटींवर लोकांना टोचून झाल्यावर सेनेगल ते इथियोपिया त्या पट्ट्यातला ए प्रकारचा मेनिंजायटिस जवळपास संपला. मलेरियाची आर-ट्वेंटीवनही तिथेच बनते. पुण्याने आफ्रिकेसाठी यापेक्षा मोठं काय केलंय मला माहीत नाही. पण २०२१ च्या मार्चमध्ये आपली दुसरी लाट आली आणि केंद्राने लसींची निर्यात थांबवली, तेव्हा पहिला डोस घेतलेले आफ्रिकेतले डॉक्टर-नर्स दुसऱ्याची वाट बघत बसले. आपल्या दारात प्रेतं होती, मला तो निर्णय समजतो, माझा मामा त्याच महिन्यात गेला. पण नैरोबीच्या नर्सने ते लक्षात ठेवलं तर तिलाही मी दोष देणार नाही. त्याच वर्षी चीनने आफ्रिकेला शंभर कोटी डोस द्यायचं जाहीर केलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो विद्यार्थ्यांचा विषय. २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकेतले ८१ हजारांहून जास्त विद्यार्थी होते, बऱ्याच जणांना स्कॉलरशिप. इथियोपियाचे २०१३ ते १८ चे राष्ट्राध्यक्ष मुलातु तेशोमे हे पेकिंग युनिव्हर्सिटीत शिकलेले. या विद्यार्थ्यांनाही चीनमध्ये सगळं गोड नाही, एप्रिल २०२० मध्ये ग्वांगझूत कोविडच्या नावाखाली आफ्रिकन लोकांना घराबाहेर, हॉटेलबाहेर काढलं तेव्हा बीजिंगमधल्या आफ्रिकन राजदूतांनी एकत्र पत्र लिहून निषेध केला होता. पुण्याला तर ही मुलं कितीतरी वर्षांपासून येतायत, सुदान, केनिया, टांझानिया, इथियोपिया, स्कॉलरशिप नसली तरी स्वतःच्या खर्चाने येतात, इंग्रजीत शिकता येतं, फी परवडते, शहर आवडतं. हीच उद्या तिकडच्या मंत्रालयात, बँकेत, दवाखान्यात बसणार आहेत, कोणाकडून मशीन घ्यायचं आणि कोणाचं कर्ज घ्यायचं हे ठरवणार आहेत. आणि आपण त्यांना काय देतो? रिक्षावाला दुप्पट सांगतो, ब्रोकर फोनवर हो म्हणतो आणि चेहरा बघितला की फ्लॅट गेला म्हणतो, जिन्यात पोरं मागून हसतात.

किटवेची ती मुलगी बायोटेक करतेय, तिला पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करायचंय, परत घरी जाऊन. तिच्या घरमालकाला आता दोन-तीन मेंबरांनी सांगितलंय की परदेशी पोरी नकोत, "वातावरण बिघडतं." काय बिघडलं ते कोणी सांगत नाही, भाडं वेळेवर, आवाज नाही, गणपतीत दोघी मोदक वळायला बसल्या होत्या माझ्याबरोबर. या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, अजेंड्यावर तिसरा मुद्दा हाच, आणि मी सेक्रेटरींना आधीच लेखी कळवलंय की त्या राहणार आणि त्यावर मी बोलणार.